गाणं वगळून सांगा

शैलाताई गुप्ते प्रेमाचे पिक्चर उभ्यानं बघायच्या. तिकीट रीतसर काढायच्या, आपल्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा राखायच्या आणि दिवे मालवले की मागच्या दाराजवळ भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. थिएटरातला माणूस येऊन विचारायचा, "मॅडम, सीट मिळाली नाही का?" पडद्यावरची नजर न हलवता त्या म्हणायच्या, "मिळाली आहे. बसवत नाहीये." मारामारीचे, भुताखेतांचे पिक्चर मात्र त्या मांडी घालून, पॉपकॉर्न खात आरामात बघत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "भूत कधी येणार ते आधी वाजवून सांगतात गं. ही दोघं एकमेकांना कधी दुखावतील ते कोणी सांगत नाही."

ठाण्याला कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका संस्थेचं कुटुंब सल्ला केंद्र होतं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. नवरा-बायकोचं पटेनासं झालं की वकिलाकडे जाण्याआधी, किंवा वकिलानंच पाठवलं म्हणून, माणसं तो अरुंद जिना चढून यायची. शैलाताई तिथल्या मुख्य समुपदेशक. उंच, काटक, केस कानापर्यंत कापलेले, सुती साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला. समाजकार्याची पदवी घेऊन मी डोंबिवलीहून तिथे मुलाखतीला गेले तेव्हा त्या टेबलापलीकडे नव्हत्याच. खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा फिरत होत्या. माझी फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"पिक्चरमध्ये पाहिलेलं कुठलं प्रेम लक्षात राहिलंय तुझ्या?" त्यांनी विचारलं.

मी गोंधळले. मग हसू आणून सांगायला लागले. बर्फाचा डोंगर, तिची लाल साडी, तो उतारावरून धावत येतो…

"गाणं वगळून सांग."

"गाणं वगळलं तर काही उरतच नाही त्यात."

"मग दुसरं सांग."

तेवढ्यात लहानपणी आईबरोबर टीव्हीवर पाहिलेला एक कृष्णधवल पिक्चर आठवला. नाव आजही सांगता येणार नाही. भर दुपारी नवरा बायकोशी भांडून घराबाहेर पडतो. अंगणात तिच्या चपला उन्हात पडलेल्या असतात. तो पुढे गेलेला परत येतो, त्या चपला पायानंच सावलीत सरकवतो आणि तरातरा निघून जातो. मी एवढंच सांगितलं.

ताई पहिल्यांदा थांबल्या. "नंतर परत येतो तो?"

"आठवत नाही."

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चालायला लागल्या.

हाच प्रश्न त्या येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला विचारायच्या. माणसं चिडायची. "आम्ही पोटगीचं बोलायला आलोय आणि तुम्ही पिक्चरचं काय विचारताय?" ताई शांतपणे म्हणायच्या, "पोटगीचं बोलायला खाली रस्त्यावर पन्नास वकील आहेत. माझ्याकडे आलायत तर माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. आणि गाणं वगळून सांगा." मला त्यांनी नंतर समजावलं होतं, की नवऱ्याकडून काय हवं असं थेट विचारलं तर बाई एकतर रडते नाहीतर खोटं बोलते. पुरुष तर खोटंही बोलत नाहीत, नुसते घड्याळाकडे बघतात. पिक्चरचं विचारलं की त्यांना वाटतं दुसऱ्याचं बोलायचंय. मग खरं निघतं.

आणि निघायचंही. बँकेतले एक गृहस्थ होते, कपड्यांची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीच्या कडेवर बसणारे. त्यांना असा एक प्रसंग आठवला, की नवरा जेवताना तोच तो जुना विनोद पुन्हा सांगतो आणि बायको घास तोंडात असताना पुन्हा हसते. शेजारी बसलेली त्यांची बायको चमकली. "तुमचे जोक मी ऐकते की!" गृहस्थ म्हणाले, "ऐकतेस. हसत नाहीस." ती बाई भलतीच चिडून म्हणाली, "मग जरा नवीन सांगा ना!" ताई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या हिराबाईंनी तर केंद्र डोक्यावर घेतलं होतं. साठी उलटलेली बाई, मासळी विकून दोन मुलांचे संसार उभे केलेले. तक्रार अशी, की म्हातारा बोलत नाही. मुलांशी बोलतो, शेजाऱ्यांशी बोलतो, बायकोशी नाही. ताईंनी पिक्चरचं विचारल्यावर हिराबाई म्हणाल्या, "मना काय आठवत नाय गो बाय. लगीन झाल्यावर एकदा गेलो व्हतो ठान्याला. यो बाजूला बसून रडला. पोरीवानी!"

म्हाताऱ्यानं इतक्या वेळात पहिल्यांदा मान वर केली. "अन् तू सगल्या गावाला सांगलंस."

"मंग काय झाला? हसले लोक."

"तेच ना," म्हातारा म्हणाला.

पिक्चरमध्ये काय होतं ते ताईंनी त्याच्याकडून काढून घेतलं. नायिकेचं लग्न दुसऱ्याशी ठरतं आणि नायक तिच्या मांडवात पाणी वाढत फिरतो. एवढंच. ते सांगतानाही त्याचा आवाज जड झाला. हिराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग टोपलीवरचं फडकं काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ने. पुस. आता नाय सांगत कोनाला." ताई जिन्यापर्यंत त्यांना सोडायला गेल्या आणि परत येऊन कठड्याला धरून हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पण हा प्रश्न नेहमी असा गोड उलगडायचा नाही. आंबिवलीहून एक जोडपं आलं होतं. त्यातल्या बायकोला मी इथे सुनंदा म्हणते. नवरा टेम्पो चालवायचा, ती एका नर्सिंग होममध्ये आया होती. तो फार गोड बोलत होता. "मॅडम, घरात भांडी वाजतातच की. हिला जरा समजवा, माहेरी जाऊन बसते." ताईंनी सुनंदाला विचारलं. तिनं लगेच सांगितलं, जणू उत्तर घेऊनच आली होती.

"एक सीन आहे मॅडम. तो तिला मारतो. जोरात. मग स्वतःच रडतो, गुडघ्यावर बसतो. मग ती त्याला जवळ घेते. पिक्चर बघितला तेव्हा मी कॉलेजला होते. मी पण रडलेले. मला वाटलेलं, आपल्यावर कोणीतरी असं प्रेम करायला पाहिजे." ती थांबली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "हा पण नंतर रडतो. रोज."

ताईंचं चालणं थांबलं. त्यांनी खुर्ची ओढली, सुनंदाच्या समोर बसल्या आणि तिच्या दंडावरची ओढणी हलकेच बाजूला केली. काय दिसलं ते मी लिहीत नाही. नवरा म्हणाला, "अहो मॅडम, ते पडली ती…" ताई त्याला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा." आवाज चढला नव्हता, पण तो उठला. त्या दिवशी सुनंदा आंबिवलीला परत गेली नाही. ताईंनी तिच्या भावाला बोलावून घेतलं, पोलीस ठाण्यात स्वतः तिच्याबरोबर गेल्या, आणि पुढे तारखांनाही कोर्टात तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

संस्थेच्या बैठकीत यावर कुरकुर झाली. एक वयस्कर विश्वस्त म्हणाले, "शैलाताई, आपलं केंद्र संसार जोडण्यासाठी आहे." ताई म्हणाल्या, "संसार जोडतेच मी. फास नाही आवळत." आणि बैठक संपायच्या आत उठून गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले तर त्यांनी रिक्षा केलीच नाही. कोर्टापासून बाळकुमपर्यंत त्या चालत गेल्या आणि मी अर्ध्या वाटेपर्यंत त्यांच्या मागे धावत राहिले. वाटेत एकदाच बोलल्या. "तो सीन मीही पाहिलाय अश्विनी. मलाही आवडला होता. काय बघत होते मी?"

बाळकुमला एका उंच इमारतीत त्यांचा फ्लॅट होता. खाली जुनी वस्ती, मंदिर, मासळीचा बाजार, आणि वर विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली माणसं. ताई आणि त्यांचे यजमान अरविंदकाका जांभळी नाक्याजवळची जुनी जागा सोडून तिथे आले होते. मुलगा परदेशी. काका एका रसायन कंपनीतून निवृत्त झालेले, गोरे, शांत, सदऱ्याच्या खिशात नेहमी पेन. मी गेले की तेच चहा करायचे. चहा घेऊन ते टेबलाशी बसत. ताई कप हातात घेऊन गॅलरीत, तिथून स्वयंपाकघराच्या दारात. जेवणही त्यांचं तसंच, ताट ओट्यावर ठेवून उभ्याउभ्या.

दोघांचं आपसात बोलणं इतकं सभ्य, की मी थक्क व्हायचे.

"अहो, तुम्हांला आणखी चहा हवाय का?"

"तुम्ही घेणार असाल तर."

"मी नाही घेणार. पण तुम्ही घ्या ना."

"नको. राहू दे मग."

मी घरी येऊन माझ्या नवऱ्याला, नितीनला सांगितलं, "असं असावं बघ. आवाज नाही, चिडचिड नाही." नितीन टीव्ही बघत म्हणाला, "कसं असावं? हॉटेलात उतरल्यासारखं?" मी त्याच्यावर भडकले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

एके दिवशी ताई कल्याणला एका कॉलेजात व्याख्यानाला गेल्या होत्या. मी जिन्यात पाहिलं तर अरविंदकाका बाकावर बसलेले. हातात नंबराचं कार्ड. शिपायानं त्यांना ओळखलं नव्हतं आणि त्यांनी ओळख सांगितली नव्हती.

"काका, ताई नाहीयेत आज."

"माहीत आहे. म्हणून तर आलो. आधी तुझ्याशी बोलायचंय."

आत येऊन ते खुर्चीवर ताठ बसले. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

"मला घर सोडायचंय," ते म्हणाले. "भांडण नाही, दुसरं कोणी नाही. दापोलीच्या पुढे वडिलांचं छोटं घर आहे, थोड्या पोफळी आहेत. तिथे जाऊन राहायचंय. एकट्यानं."

सवयीनं माझ्या तोंडून आमचा नेहमीचा प्रश्न निघणार होता. काकांनी हात वर केला. "पिक्चरचं विचारू नकोस. ते मला घरी पुष्कळ वेळा विचारून झालंय. तिला जगातल्या सगळ्या पिक्चरमधलं प्रेम तोंडपाठ आहे, अश्विनी. आपल्या घरातलं काय आहे हे बघायला ती टेकली नाही कधी. मी समोर बसलो की ती म्हणते दूध तापत ठेवते. दूध तापलं की म्हणते कपडे काढून आणते. आणि मीही म्हणतो, बरं. इतकी वर्षं मी बरंच म्हणत आलोय."

"हे तुम्ही ताईंना सांगितलंय?"

"नाही. म्हणून तर इथे आलो, ती आली की सांगेन. इथे ती ऐकते."

ताई तीनच्या सुमाराला परतल्या. काकांना बघून दारातच म्हणाल्या, "अहो, तुम्ही? किल्ली विसरलात का?"

काकांनी मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, त्याच स्वरात. ताई खिडकीकडे गेल्या, दाराकडे आल्या, पुन्हा खिडकीकडे गेल्या. मी उठून बाहेर जायला लागले तर दोघंही एकदम म्हणाले, "थांब." मी भिंतीला चिकटून उभी राहिले. खाली झेरॉक्सचं मशीन खडखडत होतं.

"माझं काय चुकलं?" ताईंनी विचारलं.

"काहीच नाही. तेच तर."

"म्हणजे काय?"

"चुकलं असतं तर बोललो असतो ना काहीतरी."

ताई थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं. आला नाही. त्या म्हणाल्या, "जायचं असेल तर जा. तुम्हांला अडवायचं कसं ते मला माहीत नाही." आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, म्हणाल्या, "मी चहा सांगून येते," आणि जिना उतरून गेल्या. काका माझ्याकडे बघून किंचित हसले. तसं हसू मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही, आणि पाहायलाही नको.

दिवाळी करून काका गेले. ताईंनी त्यांच्या बॅगेत स्वेटर, गोळ्या, चिवड्याचा डबा सगळं भरून दिलं. त्यानंतर काही आठवडे केंद्रात त्या कोणाला पिक्चरचं विचारेनात. प्रकरणं ऐकायच्या, रीतसर सल्ला द्यायच्या, आणि मध्येच वाक्य सोडून गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. मी त्यांना डोंबिवलीला पिक्चरला नेलं तर इंटरव्हलमध्येच म्हणाल्या, "चल गं. इंटरव्हलपर्यंत सगळे चांगलेच असतात." थिएटरबाहेर गर्दीत उभं राहून त्या म्हणाल्या, "आपल्याकडे येतात ती जोडपी बघतेस ना? एकमेकांचे केस उपटायला उठलेली असतात. मला हेवा वाटतो त्यांचा. आमच्यात भांडण झालंच नाही कधी. मी दिवसभर लोकांचे संसार फुटलेले बघायचे आणि घरी येऊन वाटायचं, आपलं भांडं सांभाळून ठेवलंय, हलवायला नको. बसलं की बोलावं लागेल. बोललं की हललं."

"मग आता बोला ना," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर चोरून आणलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी रजा टाकली. "गावाला चाललेय," शिपायाला म्हणाल्या. "काय कार्य आहे का ताई?" "हो. भांडण आहे."

पंधरवड्यानं परत आल्या तेव्हा उन्हानं रापल्या होत्या आणि आवाज बसला होता. मला वाटलं, काका परत येतील, सगळं पिक्चरसारखं होईल. तसं झालं नाही. "खूप बोललो," त्यांनी मला सांगितलं. "माझी नोकरी, त्यांच्या आईचं आजारपण, मुलाला बाहेर पाठवलं ते. एकदा मी ताट आपटलं. एकदा ते पोफळीत जाऊन बसले ते दिवेलागणीपर्यंत आलेच नाहीत. शेवटी मी विचारलं, चलता का घरी? तर म्हणाले, नाही शैला, मला इथे बरं वाटतंय. खरंच सांगत होते गं. मला दिसलं ते. मग मी आले."

"म्हणजे संपलं?"

"कुणी सांगितलं संपलं?" त्या चिडून म्हणाल्या. "प्रेम नाही असं नाही. एका घरात मावत नाहीये, एवढंच."

आणि मग त्यांचं ते रविवारचं प्रकरण सुरू झालं. दुपारी जेवणं झाली की काका तिकडे गावच्या घरात आणि ताई इकडे बाळकुमला एकच पिक्चर एकाच वेळी लावायचे. बहुतेक जुना, आणि प्रेमाचाच. संपला की फोन. मी काही वेळा तिथे होते. फोन स्पीकरवर आणि ताई हॉल ते गॅलरी येरझारा घालत ओरडताहेत. "अरविंद, तू काय बघितलंस नक्की? ती त्याला माफ करत नाहीये, ती दमलीये!" मी चाट पडले. आयुष्यभर त्या माणसाला अहो-जाहो केलेली ही बाई त्याला अरे-तुरे करत होती. पलीकडून काकांचाही आवाज चढलेला. "तुला प्रत्येक बाई दमलेलीच दिसते!" "कारण असतात त्या!"

एकदा काका दात दाखवायला ठाण्याला आले आणि चार दिवस बाळकुमला राहिले, पाहुण्यासारखे आमसुलं आणि सुपाऱ्या घेऊन. त्या रविवारी मी गेले तर ताईंनी दारातच माझा हात धरला. चेहरा नुसता फुललेला. "अगं, सोसायटीकडून फोन आला! खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केलीय, आमच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून!" आत काका अजून बोलतच होते, की नायकानं आईला सोडून यायला नकोच होतं. हे सगळं मी नितीनला सांगितलं. तो म्हणाला, "आता हॉटेलात उतरल्यासारखं नाही वाटत." मग आम्ही दोघं कशावरून तरी भांडलो. कशावरून ते आठवत नाही, पण मध्येच मला हसू आलं आणि मग त्यालाही.

मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मी सुनंदाला घेऊन ताईंकडे गेले होते. सुनंदाला कल्याणच्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी लागली होती, तिला पेढे द्यायचे होते. आम्ही पोचलो तेव्हा पिक्चर नुकताच संपलेला आणि फोन चालू. ताईंनी आम्हांला हातानंच बसा म्हणून खुणावलं. पिक्चरचा शेवट असा होता, हे बोलण्यावरून कळलं. एक म्हातारा माणूस, तरुणपणी जिला सोडून गेला तिच्या गावी परत येतो. ती अंगणात वाळवण घालत असते, स्वतःशी गुणगुणत. तो फाटकाबाहेर उभा राहून बघतो आणि हाक न मारता निघून जातो.

"हेच खरं प्रेम," फोनमधून काका म्हणत होते. "ती सुखात आहे. कशाला मध्ये जायचं तिच्या?"

"सुखात आहे हे तुला काय माहीत? गुणगुणतेय म्हणून? मीही गुणगुणते कपडे वाळत घालताना!"

"तो तिचा मान राखतोय शैला."

"मान नाही, भीती आहे ती. मनात ठेवून फिरायचं आणि त्याला प्रेम म्हणायचं. ते त्याच्यापुरतं झालं. तिला काय मिळालं? फाटक वाजवायला हवं होतं त्यानं."

मग काका म्हणाले, "याचं उत्तर आहे माझ्याकडे. उद्या देतो. जरा नीट जुळवू दे."

"दे, दे. वाट बघते," म्हणून ताईंनी फोन ठेवला आणि सुनंदाच्या हातातला पेढा घेऊन अर्धा तिच्याच तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या बागेत फेऱ्या मारताना ताई कोसळल्या. शेजाऱ्यांनी इस्पितळात नेलं, पण त्याआधीच सगळं संपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी केंद्रात नुकतंच कुलूप काढत होते. गावाला कोणी कळवायचं, म्हणून मीच कळवलं. काका एवढंच म्हणाले, "निघतो."

ते दुपारी पोचले. मुलाला यायला वेळ लागणार होता. त्यानं फोनवरूनच सांगितलं, थांबू नका. स्मशानात केंद्रातली माणसं होती, सुनंदा होती, तो बँकवाला आणि त्याची बायको होती. कोळीवाड्यातून हिराबाई आपल्या म्हाताऱ्याला घेऊन आल्या होत्या. तो रडत होता आणि या वेळी हिराबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

सगळं आटोपून काका, मी आणि नितीन घरी आलो. ओट्यावर ताईंचं सकाळचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. मी चहा केला. काका टेबलाशी बसले, खिशातून फोन काढला आणि तो नुसताच हातात धरून राहिले. खाली रस्त्यावर संध्याकाळचा बाजार भरायला लागला होता, त्याचा आवाज वर येत होता.

"काल तिनं फोन ठेवला तेव्हा बोलायची पाळी माझी होती," ते म्हणाले.

मी चहाचा कप त्यांच्यासमोर सरकवला.

"सकाळी पोफळींना पाणी लावताना उत्तर जुळवलं होतं. नाश्ता करून फोन करणार होतो. तेवढ्यात तुझा आला."

"काय सांगणार होतात, काका?" मी विचारलं.

त्यांनी फोन टेबलावर ठेवला, उठले आणि गॅलरीच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

"हेच, की तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "फाटक वाजवायला हवं होतं."